दाराचं माप

स्टुडिओत तिला सगळे थोरली म्हणत. ती नोकरीला लागली त्याच महिन्यात त्याच नावाची आणखी एक मुलगी लागली होती, आणि एकीला हाक मारली की दोघी माना वळवायच्या. मग कुणीतरी डोकं लढवून एकीला थोरली केलं आणि दुसरीला बारकी. वयानं खरं तर बारकीच मोठी होती, पण वय विचारलं होतं कुणी? पुढे बारकी दुसरीकडे बरी नोकरी धरून निघून गेली, गोंधळाचं कारणच उरलं नाही, तरी थोरली थोरलीच राहिली. तिनंही कधी तक्रार केली नाही. उलट नवीन माणूस आलं की तीच हसत हात पुढे करायची, "मी थोरली. का ते विचारू नका, दिसतंयच!" समोरचा सुटल्यासारखा हसायचा. आपणच आधी बोलून टाकलं की दुसऱ्याला बोलायला काही उरत नाही, हे ती शाळेतच शिकून बसली होती.

स्टुडिओ ॲनिमेशनचा होता. लहान मुलांचे सिनेमे तिथे बनायचे. म्हणजे ज्यांत नायिकेचे डोळे तिच्या कमरेहून मोठे असतात, आणि एवढ्याशा कमरेतून घास खाली उतरतो कसा, हा प्रश्न तिच्या आईलाही पडत नाही, असे सिनेमे. थोरली तिथे ॲनिमेटर होती, म्हणजे दुसऱ्यांनी काढून दिलेल्या पात्रांना हलतं करणारी. हाताला गुण होता तिच्या. पहिल्याच वर्षी तिनं एक बगळा उडवला होता, तेव्हा दिग्दर्शक स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले होते. बगळ्यानं पंख मिटले की बघणाऱ्याच्या खांद्यांनाही हलकं वाटायचं, असं तेच म्हणाले होते.

ॲनिमेटर लोकांची एक रीत असते. पात्र हलवायचं तर आधी स्वतः हलून पाहायचं. नुसत्या कल्पनेनं चाल जमत नाही; आधी टाच टेकते की चवडा, वळताना आधी मान वळते की खांदा, हे अंगालाच विचारावं लागतं. त्यासाठी मजल्याच्या टोकाला एक खोली होती, एक भिंत पूर्ण आरशाची आणि कोपऱ्यात कॅमेरा. तिला सगळे आरशाची खोली म्हणत. तिथे जायचं, पात्रासारखं पळायचं, पडायचं, रडायचं, ते टिपून घ्यायचं, आणि मग ते पुन्हा पुन्हा बघत पात्रात उतरवायचं. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, या भल्या माणसांना मुंग्या चावल्या आहेत.

दुसऱ्या वर्षी एका सिनेमात लठ्ठ राणी होती. ती सिंहासनावर बसते आणि सिंहासन मोडतं. ते काम दुसऱ्याच कुणाकडे होतं, पण तो मुलगा काडीसारखा; तो बसला की खुर्चीला पत्ताच लागत नसे. "थोरले, तू जरा बसून दाखवतेस का?" कुणीतरी म्हणालं. अगदी सहज म्हणालं, आणि तीही सहजच उठली. नवीन होती, सगळ्यांत मिसळायचं होतं. ती इतकी झोकून देऊन बसली, मोडक्या खुर्चीत असे हातपाय झाडले, की आरशाची खोली हसून हसून बेजार झाली. झालं. त्यानंतर प्रत्येक सिनेमात एक लठ्ठ पात्र आलं, आणि ते कुणी करायचं हे विचारायचीही कुणाला गरज वाटेना. खादाड मावशी झाली, झोपाळू अस्वलीण झाली, जिना चढताना धापा टाकणारी शिक्षिका झाली. बगळा राहिला बाजूला.

तिच्यासारखाच आणखी एक जण स्टुडिओत होता, तो म्हणजे संकलक. तुकडे जोडून सिनेमा सलग करणं हे त्याचं काम, त्याचा आरशाच्या खोलीशी काडीचा संबंध नाही. पण लहानपणापासून त्याचा डावा पाय वाळलेला, कुबडीवर चालायचा. त्यामुळे सिनेमात कुणी लंगडा निघाला की त्याला त्याच्या खुर्चीतून उठवून आरशासमोर चालवत. आणि सिनेमातला लंगडा हटकून लबाड असायचा. या वेळी तो राजाचा खजिना लुटणारा कारभारी होता. शेवटी त्याला पश्चात्ताप होतो, जादूच्या झऱ्याचं पाणी अंगावर पडतं आणि तो कुबडी फेकून धावत सुटतो.

"आमचा पाय शेवटच्या पाच मिनिटांत सरळ होतो," संकलक म्हणायचा. "माणूस सुधारला की पाय सुधारलाच. आता माझा काही सुधारत नाही, म्हणजे मी कसा असेन बघ."

थोरली हसायची. त्याच्याबरोबर हसायला तिला बरं वाटायचं, कारण तिथे हसलंच पाहिजे असं नव्हतं.

या सिनेमात तिच्या वाट्याला राजवाड्यातली आचारीण आली होती. वाड्याला आग लागते, सगळे मुदपाकखान्याच्या मागच्या छोट्या दारातून पळतात, आणि आचारीण त्या दारात अडकते. मागे नायक-नायिका, राजा, उंदीरसुद्धा खोळंबलेले. सगळे मिळून तिला ढकलतात, ती निघत नाही. शेवटी बकरा पाठीमागून ढुशी देतो आणि ती बूच उडावं तशी बाहेर उडते. कथा वाचून झाली तेव्हा टेबलाभोवती सगळे खिदळत होते. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरली म्हणाली, "हे नको करूया."

तिलाच आपला आवाज परका वाटला. पण ती उगाच नव्हती बोलली. तिची मुलगी दुसरीत होती. जन्मली तेव्हा इवलीशी होती, तळहातावर मावेलशी, म्हणून घरात सगळे तिला चिमणी म्हणू लागले. आता ती वर्गात सगळ्यांत जाड होती, आणि नाव चिमणीच होतं. थोड्या दिवसांपूर्वी थोरली तिला बागेत घेऊन गेली होती. तिथे नवीन घसरगुंडी बसवली होती, बंद बोगद्यासारखी. चिमणी शिडीपाशी उभी राहिली आणि येईल त्या मुलाला "तू जा आधी, तू जा आधी" म्हणत राहिली. अंधार पडेपर्यंत तिनं पाय शिडीवर ठेवला नाही. घरी येताना म्हणाली, "मी अडकले असते ना, मग मागच्यांचा खोळंबा झाला असता." रडून नाही, शहाण्या माणसासारखं समजुतीनं म्हणाली.

आता टेबलापाशी हे सगळं कसं सांगणार? ती एवढंच म्हणाली, "मुलांना लागेल ते."

दिग्दर्शक भले गृहस्थ होते. कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाला घालूनपाडून बोलले नाहीत. तसे असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ते मान तिरकी करून म्हणाले, "थोरले, आपण तिला हसत नाही. आपण प्रसंगाला हसतो. तरी तुला पटत नसेल तर मुलांनाच ठरवू दे. कच्चा सिनेमा झाला की दाखवू त्यांना. मुलं खोटं हसत नाहीत. या प्रसंगाला ती हसली नाहीत, तर मी स्वतः तो कापायला लावतो. शब्द देतो."

यापेक्षा कुणी काय द्यावं? थोरलीनं शब्द घेतला. पण कापायचा तरी आधी तो बनायला हवा, आणि बनवायचा तिनंच.

सुताराला बोलावून आरशाच्या खोलीत प्लायवूडची चौकट उभी करायचं ठरलं. सुतार म्हातारा, कमी बोलणारा. टेप घेऊन आला खरा, पण तिच्या अंगाभोवती टेप धरायच्या वेळी त्याचे कान लाल झाले. "ताई, तुम्हीच सांगा अंदाजे," म्हणाला. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौकट तयार झाली, कॅमेरा लागला, सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. थोरली मागून धावत आली आणि चौकटीतून सरळ पलीकडे निघून गेली. कुठे काही लागलंसुद्धा नाही. सुतारानं भिडेखातर दोन बोटं जास्तीची धरली होती.

सगळे हिरमुसले. सुतार छताकडे बघत राहिला. आणि थोरलीला, आता हसावं की रडावं, त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"एक पट्टी मारा की आतून," दिग्दर्शक हळूच म्हणाले. सुतारानं पट्टी मारली. हातोडीचा एकेक घाव घालताना तो मान वर करत नव्हता.

मग ती अडकली. एकदा, पुन्हा, पुन्हा. कोपरं फाकून, डोळे वटारून, पाय हवेत झाडून. एकदा अडकलेली असताना तिचा मोकळा हात आपोआप मागे गेला आणि तिनं शर्ट पाठीवरून खाली ओढला. ती तिची शाळेपासूनची सवय. उठताना, बसताना, कुणी मागे आहे असं वाटलं की हात जायचाच. तिला पत्ताही नव्हता. पण खोली फुटली हसून. "हेच! हेच पाहिजे!" दिग्दर्शक टाळी वाजवत म्हणाले. "आग लागलीये आणि बाईसाहेब कपडे नीट करतायत! हे सुचलं कसं तुला?"

"सुचतं असं कधीकधी," थोरली म्हणाली आणि हसली.

तिचं ते हसू स्टुडिओत प्रसिद्ध होतं. मान मागे टाकायची, एक हात पोटावर ठेवायचा आणि मोठ्यानं, तीन टप्प्यांत हसायचं. ते ऐकलं की लोकांना मोकळं वाटायचं. कुणी चुकून जास्त बोलून गेलं असेल तर त्याचा जीव भांड्यात पडायचा.

नंतर ती टेबलापाशी बसून आपलंच अडकणं आचारणीत उतरवत राहिली. वाईट करायचं मनात आलं होतं तिच्या. मुद्दाम ढिलं, बेचव करायचं, म्हणजे मुलं हसणारच नाहीत. पण हात ऐकेना. इतक्या वर्षांत हाताला चांगलं करायचीच खोड लागली होती. आचारणीचा हात मागे गेला, झगा खाली ओढला गेला, आणि ते इतकं हुबेहूब उतरलं की तिला स्वतःचाच राग आला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बहिणीशी फोनवर बोलत होती. "सगळं मुलांच्या हातात आहे गं. मुलं हसली नाहीत तर तो दाराचा प्रसंग कापून टाकणार म्हणालेत. किती महिने घातलेत मी त्यात... हो ना, जीव टांगणीला लागलाय नुसता." चिमणी खाली फरशीवर बसून रंगीत कागद कापत होती. तिची कात्री थोडा वेळ थांबली, पण थोरलीचं लक्ष नव्हतं.

कच्चा सिनेमा झाला की तो आधी स्टुडिओतल्याच लोकांच्या मुलांना दाखवायचा, ही तिथली पद्धत. छोटं चित्रगृह तळमजल्यावर होतं. आईबापांना आत मज्जाव, कारण आईबाप शेजारी असले की मुलं त्यांच्या तोंडाकडे बघून हसतात. पडद्याखाली मुलांच्या चेहऱ्यांकडे तोंड करून एक कॅमेरा ठेवलेला असायचा; कुठे मुलं हसली, कुठे जांभया दिल्या, ते नंतर सगळे बसून बघत. चिमणीला आणायचं थोरलीच्या मनात नव्हतं. पण चिमणीनंच हट्ट धरला, कधी नव्हे तो. नवा फ्रॉकही घातला.

थोरली बाहेरच्या बोळात इतर आईबापांबरोबर उभी राहिली. सिनेमा तिला पाठ होता. भिंतीतून येणाऱ्या संगीतावरून कुठला प्रसंग चाललाय ते कळत होतं. बकरा आला, मुलं हसली. कारभारी कुबडी टेकत आला, मुलांनी हुर्यो केली. बोळाच्या टोकाला जिन्यापाशी उभा असलेला संकलक तिच्याकडे बघून म्हणाला, "आलो बघ मी." मग आगीचं संगीत सुरू झालं. ढोल वाढत गेले आणि एकदम थांबले. तीच जागा. आचारीण अडकली.

आत कुणी हसलं नाही.

थोरलीनं भिंतीला हात टेकला. आत शांत होतं, चांगलं लांबलचक शांत. आगीत अडकलेल्या बाईला बघून मुलांना भीती वाटली असेल. वाटणारच, माणसाची पोरं ती. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. सुटले मी, तिला वाटलं, सुटलो आम्ही.

मग आत एकच कुणीतरी हसलं. मोठ्यानं, तीन टप्प्यांत. कुठल्या पोराचं हसू ते तिला ओळखू येईना. त्यामागून दुसरं कुणी हसलं, तिसरं हसलं, आणि मग सगळं चित्रगृह हसू लागलं, पाय आपटून हसू लागलं. बोळातल्या एका बापानं तिच्या खांद्यावर थाप मारली. "जिंकलीस तू!"

सिनेमा संपल्यावर चिमणी गाल लाल करून बाहेर आली, आईच्या कमरेला बिलगली आणि वर बघत राहिली. तिला न्यायला आलेल्या बाबाबरोबर घरी पाठवून थोरली वर आली. दुपारी सगळ्यांनी बसून मुलांचे चेहरे बघायचे होते. त्याआधी संकलकानं तिला आपल्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"मी सांगणार नव्हतो," तो म्हणाला, "पण तिथे सगळ्यांसमोर बघण्यापेक्षा इथे बघ."

पडद्यावर अंधारात मुलांचे चेहरे होते. ढोल थांबले. चेहरे ताणलेले, एका मुलानं तोंडावर हात ठेवलेला. आणि दुसऱ्या रांगेत चिमणी. ती पुढे झुकून बघत होती. एकदम तिचे डोळे मोठे झाले आणि तिचा हात मागे गेला, फ्रॉक पाठीवरून खाली ओढायला. मग तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं. तिनं मान मागे टाकली, एक हात पोटावर ठेवला आणि हसली.

संकलकानं चित्र तिथे थांबवलं.

थोरलीला बसवेना. पोरीचं हसू तिला ऐकून ओळखू आलं नव्हतं, आता बघून आलं. ते चिमणीचं नव्हतंच. चिमणी हसते ती नाकातून, गुदमरल्यासारखी, हसता हसता तिला उचकी लागते. हे हसू थोरलीचं होतं. तीच मान, तोच हात.

"हा तुकडा खराब झाला म्हणून सांगतो मी," संकलक म्हणाला. "कॅमेरा बंद पडला होता म्हणतो. पडतो कधीकधी."

"आवाज तर सगळ्यांनी ऐकलाय."

"आवाज कुणाचा ते कुठे कळलंय?"

तिनं नको म्हणून मान हलवली. हसली ती हसली. मुलांना ठरवू दे, असं ठरलं होतं, आणि ठरलं. तो कुबडीच्या मुठीवर अंगठा घासत बसून राहिला.

दुपारी सगळे मोठ्या खोलीत जमले. तो क्षण आला तेव्हा आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग एकदम आलं. "अरे, ही तर थोरलीची!" दिग्दर्शकांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग खुर्ची तिच्याकडे वळवून, अगदी मायेनं, म्हणाले, "बघ. तुला वाटत होतं मुलांना लागेल. पहिली हसली ती तुझीच लेक. आता तरी पटलं?"

"ती खरं हसली नाहीये," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"ते... ते खोटं हसू आहे. मला माहितेय."

सगळे तिच्याकडे बघू लागले. वाईट नजरेनं नाही, काळजीनंच. "अगं, लहान मुलगी आहे ती," दिग्दर्शक म्हणाले. "खोटं कशाला हसेल? तुला कशावरून वाटलं?"

कशावरून ते तिच्या जिभेवर होतं. मी असंच हसते म्हणून. इतकी वर्षं तुम्ही ऐकलंत ते सगळं खोटं होतं म्हणून. मोडक्या खुर्चीपासून आजच्या सकाळपर्यंत एकदाही मी खरं हसले नाही इथे म्हणून. एवढं बोललं की चिमणी सुटत होती. पण मग या खोलीतल्या प्रत्येकाला आपण काय काय बोललो, कधी कधी बोललो ते आठवावं लागलं असतं, आणि उद्या सकाळी तिला त्यांच्याच शेजारी बसून काम करायचं होतं. सगळे वाट बघत होते. शांतता फार झाली. आणि शांतता फार झाली की थोरलीचं अंग जे करायचं तेच त्यानं केलं. तिची मान मागे गेली, हात पोटावर आला आणि ती हसली. मोठ्यानं, तीन टप्प्यांत.

"बघा, बघा! अगदी आईवर गेलीये पोरगी!" कुणीतरी ओरडलं. खोली सैल झाली, सगळे हसू लागले. फक्त संकलक खाली फरशीकडे बघत होता. प्रसंग राहिला.

घरी आली तेव्हा चिमणी दाराशीच वाट बघत होती. चपला काढायचीही उसंत दिली नाही.

"राहिला?"

"काय राहिला?"

"तुझा दाराचा प्रसंग गं! कापला नाही ना?"

थोरली तशीच उभी राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच मावशीला सांगत होतीस. मुलं हसली नाहीत तर कापणार, आणि तू किती महिने केलंस ते." चिमणीला दम धरवत नव्हता. "आणि आई, मला कळलं ती तूच आहेस! तिनं असं केलं ना मागे, तेव्हा लगेच कळलं. पण कुणी हसतच नव्हतं. मला इतकी भीती वाटली. म्हटलं आता आईचं काम जाणार. मग मीच हसले. मग सगळी हसली."

थोरली खुर्चीवर बसली. दुपारभर तिला वाटत होतं की पोरगी लाजेनं हसली, इतरांनी हसायच्या आधी आपण हसून घ्यावं म्हणून हसली, आपल्यासारखी. ते परवडलं असतं. ही तर आईला वाचवायला हसली होती.

"नीट हसले ना मी?" चिमणी जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाली. "तू तुझ्या ऑफिसच्या लोकांशी हसतेस तसं हसले. खोटं वाटलं नाही ना कुणाला?"

सांगावं का हिला, की मला तो प्रसंग नको होता? की तुझ्यासाठीच मी तो कापायला निघाले होते? थोरलीनं तोंड उघडलं. समोर चिमणीचा चेहरा होता, आईचं काम वाचवलेल्या पोरीचा, इतका उजळलेला की तिला तो विझवणं जमलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "कुणालाच नाही वाटलं."

"मग सिनेमा मोठ्या पडद्यावर लागला की वर्गात सगळ्यांना सांगू? ती माझी आई आहे म्हणून?" आणि उत्तराची वाट न बघता, "करून दाखव ना एकदा! अडकून दाखव!"

"दमलेय मी, पिल्लू."

"बरं, मग मीच करते. तू बघ."

त्यांच्या घरात आतल्या खोलीचं दार चांगलं ऐसपैस होतं. मोठं कपाट आत जावं म्हणून मुद्दाम रुंद करून घेतलेलं. चिमणी आतून धावत आली आणि त्या दारात अडकली. दोन्ही कोपरं फाकली, डोळे वटारले, पाय झाडले, आणि एक हात मागे नेऊन फ्रॉक खाली ओढला. आरशासमोर सराव करून करून ज्यांना जमत नाही, असे कितीतरी ॲनिमेटर थोरलीनं पाहिले होते. हिला सरावाची गरजच नव्हती. चिमणी मान वाकडी करून आईच्या हसण्याची वाट बघत होती.

थोरलीची मान मागे जाऊ लागली होती. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ती मागे जाऊ दिली नाही. नाही हसली.

"पुरे," ती म्हणाली. "सोड ते. सरळ चालत ये माझ्याकडे."

"सरळ?" चिमणी दारात तशीच उभी राहून म्हणाली. "सरळ आले तर हसणार कोण?"

"कुणी नको हसायला. दार मोठं आहे. ये."

चिमणीनं कोपरं खाली घेतली. एकदा दाराच्या या कडेकडे बघितलं, एकदा त्या कडेकडे. मग पोट आत ओढलं, अंग चोरलं, आणि तेवढ्या रुंद दारातून ती एका अंगावर वळून, तिरकी होऊन आईकडे आली.